घरी शिवलेल्या हार्नेसवर विश्वास कधी ठेवायचा?

स्कुबा डायव्हिंगचे साहित्य घरी बनवावे का, या प्रश्नावर आम्हाला दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिली म्हणतात, कंपनीचे घेणे परवडत नसेल तर पाण्यात उतरूच नका. दुसरी म्हणतात, आपल्याकडे सगळे जुगाडावरच चालते, पट्टे शिवा आणि मारा उडी. पहिल्यांचे ऐकले तर ज्याच्या खिशात पैसा त्याचेच पाणी, असा अर्थ होतो. दुसऱ्यांचे ऐकले तर कुणाचा तरी जीव जातो. आम्ही तिघांनी मागच्या हिवाळ्यात साइडमाउंटचे एक हार्नेस घरी शिवले आणि पुढचे अडीच महिने ते फक्त तपासले. त्या तपासणीतून आमचे जे मत बनले, ते येथे मांडतो आहोत.

आधी आम्ही या भानगडीत का पडलो ते सांगितले पाहिजे. आमच्या भागात बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. पावसाळ्यानंतर त्यात पाणी साठते. तिथे पोहायला गेलेले पोर वर आले नाही की गावात धावाधाव सुरू होते ती चांगल्या पोहणाऱ्याला शोधण्यासाठी. त्याच्या कमरेला दोर बांधतात, कुणी क्वार्टर हातात देतो आणि काठावरची माणसे म्हणतात, "तो सरावलेला आहे, त्याला काही होत नाही." हा सरावलेला माणूस कोणत्या वस्तीतून बोलावला जातो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. तरी उतरवणे थांबले नाही, आणि तिथेही हेच वाक्य ऐकू येते. म्हणून आम्ही ठरवले की शोधायला उतरायचेच असेल तर शिकून आणि साधनांसह उतरायचे. तिघांनीही मालवणजवळच्या समुद्रात डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स केला.

साइडमाउंट म्हणजे सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही बगलांखाली, शरीराला समांतर लावणे. ही पद्धत इंग्लंडमधल्या पाण्याने भरलेल्या गुहांतून आली. 1960 च्या दशकात तिथले गुहा धुंडाळणारे लोक अरुंद भगदाडांतून सरपटत जायचे. पाठीवरचे सिलिंडर छताला अडकायचे, म्हणून त्यांनी ते कमरेच्या पट्ट्याला बाजूने बांधले. पुढे अमेरिकेत फ्लोरिडाच्या गुहांमध्ये डायव्हरांनी जुनी जाकिटे कापून, शिवून स्वतःची हार्नेस बनवली. कंपन्यांची तयार साइडमाउंट हार्नेस बाजारात आली ती त्यानंतर. तेव्हा घरी शिवलेले हार्नेस म्हणजे काहीतरी हलके, गावठी, असे ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. या पद्धतीचा जन्मच शिलाई मशीनवर झाला आहे.

आम्हाला ती सोयीची वाटली याची कारणे साधी आहेत. खाणीच्या उतारावरून भरलेला सिलिंडर एकेक करून खाली नेता येतो. भरलेल्या ॲल्युमिनियम सिलिंडरचे वजन साधारण 17 किलो असते. दोन्ही पाठीवर घेऊन त्या दगडांवरून उतरणे म्हणजे पाण्याआधीच पाय मोडणे. दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र रेग्युलेटर असतात, त्यामुळे एक बिघडला तर दुसरा तोंडाजवळ असतो. आणि व्हॉल्व्ह बगलेखाली असल्याने डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो.

घरी काय बनवायचे आणि काय बनवायचे नाही, याची रेघ आम्ही पहिल्याच दिवशी वहीत ओढली. श्वासाशी संबंध असलेली एकही वस्तू घरची नाही. सिलिंडर हायड्रो टेस्टची तारीख कोरलेले, रेग्युलेटर सर्व्हिस केलेले, हवा डायव्हिंग सेंटरमधून भरलेली. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी नसते, त्यात तेलाचा अंश आणि विषारी वायू येऊ शकतो. तरंगण्यासाठी लागणारी हवेची पिशवी एका जुन्या डायव्हिंग जाकिटाची घेतली. घरचे होते ते फक्त पट्टे, कड्या, बगलेची इलॅस्टिक दोरी आणि पाठीवरचा जोड.

पट्टे 50 मिलिमीटर रुंदीचे नायलॉनचे, डी-रिंग स्टेनलेस स्टीलच्या. शिलाई बॅगा आणि चपला शिवणाऱ्या एका काकांकडून करून घेतली. सुती दोरा पाण्यात कुजतो म्हणून पॉलिस्टरचा दोरा वापरला आणि प्रत्येक जोडावर चौकोन घालून त्यात फुली मारली. काम हातात घेण्याआधी काकांनी विचारले, "दप्तराचा पट्टा तुटला तर पोरगं रडतं. याचा तुटला तर काय होतं ते सांगा, मग टाके किती घालायचे ते मी ठरवतो." पदवी नसलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न आमच्या पुढच्या सगळ्या तपासणीचा पाया ठरला.

पहिली तपासणी कोरड्या जमिनीवर केली. दोन भरलेल्या सिलिंडरांचे वजन 34-35 किलो होते. आम्ही हार्नेस आधी रात्रभर पाण्यात भिजवले, कारण नायलॉन भिजल्यावर थोडे ताणते. मग ते तुळईला टांगून त्याच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती चोवीस तास लटकवली. टाका उसवला नाही, बकल सरकले नाही. मग हवेची पिशवी फुगवून तिच्यावर साबणाचे पाणी लावले, बुडबुडा कुठे येतो का ते पाहिले आणि ती रात्रभर फुगलेली ठेवली.

दुसरा प्रश्न होता की ही पिशवी माणसाला वर धरेल का. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व इथे थेट उपयोगी पडते. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या वजनाचे बल तिला वर ढकलते. गोड्या पाण्यात एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. आम्ही फुगवलेली पिशवी तरणतलावात सोडून तिला शिसे टांगत गेलो. 12 किलो शिसे लावल्यावर ती जेमतेम पाण्याबरोबर राहिली. शिसेही थोडे पाणी बाजूला सारते, त्यामुळे त्या 12 किलोंचे पाण्यातले वजन साधारण 11 किलो. म्हणजे पिशवीची ताकद 11 किलो.

ती पुरेशी आहे का, याचे उत्तर हवेच्या वजनात आहे. हवेला वजन असते हे आपण पुस्तकात वाचतो आणि विसरून जातो. 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारच्या आसपास दाबाने भरलेल्या हवेचे वजन पावणेतीन किलोच्या जवळ जाते. दोन्ही मिळून साडेपाच किलो. डायव्हर ती हवा श्वासावाटे सोडत जातो आणि हलका होत जातो. भरलेला ॲल्युमिनियम सिलिंडर पाण्यात बुडतो, पण रिकामा होत आला की तोच तरंगायला लागतो. म्हणून पाण्यात उतरताना "छान बुडतोय" असे वाटणे ही तपासणी होत नाही. खरा कस डाइव्हच्या शेवटी लागतो, सिलिंडरमध्ये 50 बार उरले असताना आणि पृष्ठभागाखाली पाच मीटरवर स्थिर थांबायचे असताना. त्या वेळी शिसे कमी पडले तर माणूस फुग्यासारखा वर जातो, आणि धरून ठेवलेल्या श्वासासह वर जाणे फुप्फुसे फाडू शकते.

त्यामुळे आम्ही वजनाची चाचणी जवळजवळ रिकाम्या सिलिंडरांवरच केली. शहरातल्या तरणतलावाच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, पहाटे, डायव्हिंगच्या फळीखालच्या खोल भागात. दोन्ही सिलिंडर 50 बारवर, पिशवी पूर्ण रिकामी, अंगात 3 मिलिमीटरचा वेटसूट. अर्धा-अर्धा किलो शिसे वाढवत गेलो. नेहमीचा श्वास घेतला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यावे आणि श्वास सोडला की हळू खाली जावे, ही खूण. आमच्यातल्या 68 किलो वजनाच्या साथीदारासाठी हे गणित 3 किलोंवर जमले. समुद्रात हाच आकडा चालणार नाही. खारे पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास जड असते. माणूस आणि साहित्य मिळून 115 किलो धरले तर समुद्रात आणखी सुमारे 3 किलो शिसे लागते.

आता ट्रिम. ट्रिम म्हणजे पाण्यात शरीर आडवे राहते की तिरके. काहींना हा दिसण्याचा, फोटोचा विषय वाटतो. खाणीत तो जीवनमरणाचा आहे. तळाशी बोटभर ते हातभर गाळ असतो. पाय खाली लोंबले तर पहिल्याच लाथेला गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही. मग ज्याला शोधायला आलो तो दिसत नाही आणि सोबतचा साथीदारही दिसत नाही.

ट्रिम मोजायला महाग यंत्र लागत नाही. तरणतलावाच्या भिंतीवर फरशीची आडवी रेघ असते. साथीदार त्या रेघेसमोर दोन मिनिटे हातपाय न हलवता थांबला आणि दुसऱ्याने जलरोधक पाकिटातल्या फोनने बाजूने चित्रण केले. रेघ आणि शरीर यांतला कोन पडद्यावर दिसतो, तिथे कुणाच्या मताला जागा उरत नाही.

पहिल्या दिवशी 3 किलो शिसे कमरेवर होते आणि पाय खाली जात होते. दुसऱ्या दिवशी त्यातले 2 किलो पाठीवर 30 सेंटिमीटर वर सरकवले, तर डोके खाली गेले. तिसऱ्या दिवशी त्यातला 1 किलो परत कमरेवर आणला आणि शरीर रेघेबरोबर आले. चौथ्या दिवशी सिलिंडर 50 बारवर नेले, तेव्हा त्यांची शेपटे नितंबांच्या वर उचलली गेली. ॲल्युमिनियमचा तो स्वभावच आहे. खालचा हूक मागच्या कडीतून काढून कमरपट्ट्याच्या पुढच्या डी-रिंगमध्ये अडकवल्यावर सिलिंडर पुन्हा अंगाबरोबर आले. एका दिवशी एकच बदल, हा नियम आम्ही मोडला नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना शिकलो होतो की दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. माणसांच्या अभ्यासात हे पाळणे कठीण जाते, शिशाच्या बाबतीत सोपे आहे.

शेवटी आणीबाणीच्या चाचण्या. मास्कवर आतून कागद लावून काहीच न दिसता दोन्ही व्हॉल्व्ह हाताने शोधणे, एक रेग्युलेटर सोडून दुसरा घेणे, शिसे सोडून देणे, एक सिलिंडर पूर्ण काढून पुन्हा लावणे. प्रत्येक वेळी एक साथीदार हातभर अंतरावर आणि एक काठावर.

इथे कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा कंपनीचेच घेतले असते तर? पैसे जमले तर जरूर घ्यावे. पण कंपनीला तुमची उंची, तुमच्या पायांचे वजन, तुमचा वेटसूट आणि तुमची खाण ठाऊक नसते. दुकानातून आणलेल्या हार्नेसलाही शिशाची आणि ट्रिमची हीच तपासणी करावी लागते. लेबलमुळे टाक्यांची हमी मिळेल, तुमच्या शरीराच्या तोलाची मिळणार नाही. उलट घरी बनवणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. त्याला टाकेही तपासावे लागतात आणि तोलही.

आणि जुगाडाचे कौतुक करणाऱ्यांना आमचे स्पष्ट म्हणणे आहे. जुगाडाचे कौतुक बहुतेक वेळा काठावर उभे असलेले लोक करतात. धोका खाली गेलेल्याचा असतो. ज्या वस्तूला कुणी टांगून पाहिले नाही, मोजले नाही, वहीत लिहिले नाही, ती वस्तू गरिबाची कल्पकता म्हणून मिरवणे म्हणजे गरिबाचा जीव स्वस्त धरणे. हातात साधने कमी असतील तर तपासणी अधिक कडक हवी.

आमच्या हार्नेसला आम्ही आज एवढीच परवानगी दिली आहे: तरणतलाव आणि पाच-सहा मीटरपर्यंतचे मोकळे, स्वच्छ पाणी. साइडमाउंटचे रीतसर प्रशिक्षण पूर्ण होऊन प्रशिक्षकाने हे हार्नेस पाण्यात पाहिल्याशिवाय ते खाणीत जाणार नाही, मग काठावर कितीही गर्दी जमो. हे वाचून कुणी घरी पट्टे शिवायला घेणार असेल तर आधी डायव्हिंग शिकावे, ही विनंती.

आणि ज्यांना डायव्हिंगशी काही देणेघेणे नाही त्यांनाही एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्या गावात कुणाच्या कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडत असतील, तर पुढे होऊन विचारा, हा दोर कुणी तपासला? उत्तर मिळेपर्यंत त्याला उतरू देऊ नका.