बर्फ न होणारे पाणी

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला. तरीही यंदा विज्ञानातल्याच एका गोष्टीने मनात घर केले आहे. ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवलेला मासा पुढे पिळपिळीत होतो, हे पनवेलच्या बाजारात मासळी बोटाने दाबून घेणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. त्याचे कारण मला मामेबहिणीने सांगितले. पाणी सावकाश गोठले की त्याचे स्फटिक होतात आणि ते आतल्या पेशींची नाजूक आवरणे फोडतात.

ताई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी प्रथिनांचे नमुने गोठवते. त्या यंत्रात निर्वात पोकळी असते. ओला नमुना ठेवला तर पाणी उडून जाणार, वाळवला तर त्याचा आकार बिघडणार, आणि गोठवावा तर स्फटिक! या पेचातून वाट काढली ती झाक दुबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८० च्या दशकाच्या आरंभी, जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे. पाण्याला स्फटिक बनवायला सवडच द्यायची नाही, हा त्यांचा उपाय. २०१७ साली दुबोशे यांना योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कृती ऐकायला साधी आहे. ३ मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी, तिच्यावर बारीक छिद्रांचा कार्बनचा पापुद्रा. त्यावर नमुन्याचा थेंब, सुमारे ३ मायक्रोलिटर. टिपकागदाने काही सेकंद टिपले की छिद्रांत पाण्याचा अतिशय पातळ पडदा उरतो. लगेच जाळी द्रवरूप इथेनमध्ये बुडवायची. इथेनच का? द्रवरूप नायट्रोजन तर उणे १९६ अंश, म्हणजे त्याहूनही थंड. पण तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब स्वतःच्याच वाफेवर नाचतो ना, तसे नायट्रोजन उकळून जाळीभोवती वायूचे आवरण होते आणि थंडी आत पोचायला उशीर लागतो. इथेनमध्ये मात्र पाणी क्षणार्धात काचेसारखे घट्ट होते. कण जसा होता तसा, जिथे होता तिथे. पुढचा सारा प्रवास नायट्रोजनच्या थंडीतच. ऊब लागली की स्फटिक आलेच. एवढे करूनही कित्येक जाळ्या वाया जातात. कुठे पडदा जाड, कुठे फाटलेला. पण २०२० च्या फेब्रुवारीत कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची रचना जगापुढे आली, ती याच मार्गाने.

हे ऐकताना मला सारखी आजी आठवत होती. ती ऐंशीच्या पुढची. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी मराठीच्या प्रकल्पासाठी उतरवून घेते आहे. मोबाइल समोर धरला की ती गप्प बसते. हल्ली ती विसरूही लागली आहे. आज म्हटलेली ओवी महिन्याने म्हणेलच असे नाही. घरातला प्रत्येकजण तिच्या गोष्टी आपापल्या परीने सुबक करून सांगतो. वर्षांमागून वर्षे सांगता सांगता त्या गोळीबंद होतात, आणि तिचे अडखळणे, तिचा आगरी हेल त्यात फुटून जातो. आठवणींचेही स्फटिक होत असावेत.

म्हणून मी ऐकलेले त्याच रात्री, तिच्या उच्चारांसकट लिहून काढते. दोन ओव्यांचा शेवटचा चरण तिला काही केल्या आठवत नाही. घरचे म्हणतात, "तूच जुळव की!" वहीत ती जागा मी कोरी ठेवली आहे.