१.९ नंतर १.१०

वडील रोज सकाळी डेअरीवर दूध घालतात आणि पावतीवरचा फॅट बघतात. ३.९० लागला तर गाईचं खाणं बरं चाललंय, ३.१० लागला तर पेंडीकडे बघायला हवं. त्यामुळे माझ्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या आकड्यांत, १.१० हा १.९ च्या नंतर येतो, हे त्यांना पटेना. "मग मधे टिंब कशाला देता?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ते टिंब दशांशाचं नाहीच. शेजारशेजारच्या खणांमधला तो बांध आहे.

बीडहून मांजरसुंबा ओलांडून धाराशिवकडे निघालं की चौसाळा लागतं. तिथल्या घरातूनच मी दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यात चार लायब्रऱ्या, म्हणजे सुटे वापरता येणारे भाग, आहेत: काट्याचं वजन वाचणारी, फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून दुधातले घन घटक) दर काढणारी, पावती छापणारी, खातं ठेवणारी. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी घालून दिलेला तीन खणांचा नियम मी पाळतो. नुसती दुरुस्ती केली तर शेवटचा आकडा वाढतो. जुनं शाबूत ठेवून भर घातली तर मधला. जुनं वापरणाऱ्याचं काम अडणार असेल तर पहिला.

सुरुवातीला चारही लायब्रऱ्यांना मी प्रकल्पाचाच आकडा देत असे. पावतीचा नमुना बदलला, प्रकल्प ४.० झाला आणि एक ओळही न बदललेली दराची लायब्ररीसुद्धा ४.० झाली. ती वापरणारे विनाकारण धास्तावले. अँग्युलर हे वेब-फ्रेमवर्क बनवणाऱ्यांची अडचण उलटी होती. २०१७ साली ते २ वरून थेट ४ वर गेले, कारण त्यांचा राउटर हा एक भाग आधीच ३ वर पोचला होता आणि त्यांना सगळे आकडे एका रांगेत हवे होते. सगळे भाग एकत्रच वापरायचे असतील तर ते बरोबर आहे. पण माझी दराची लायब्ररी इतर लोक सुटी घेऊन वापरतात. तिचा आकडा तिच्याबद्दलच बोलला पाहिजे.

खरी चूक मात्र माझ्या हातून वेगळीच झाली. पैशांचा पूर्णांक करण्यातली किरकोळ गफलत मी दराच्या लायब्ररीत दुरुस्त केली आणि आकडा न वाढवता तीच १.४.२ पुन्हा बांधून पाठवली. एका केंद्रावर जुनी १.४.२, दुसऱ्यावर नवी. तेवढंच दूध, तोच फॅट, तोच एसएनएफ, आणि रकमेत काही पैशांचा फरक. दोन्हीकडे आकडा एकच, त्यामुळे फरक कुठून येतोय हे शोधायला मला दोन दिवस लागले. तेवढ्यात एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "माझंच दूध कमी का?" त्यांच्या पैशांपेक्षा त्यांचा विश्वास मोठा होता.

आमच्या मराठवाड्यातल्या पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये, असं बजावलं. नाव एक आणि मजकूर अनेक, ही अडचण तेव्हाचीच. एकदा बाहेर गेलेल्या आकड्याखालचा मजकूर बदलायचा नाही, हे तीन खणांच्या नियमातही स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं, तरीही एक आकडा वाढवायचा कंटाळा केला.

त्या दुरुस्तीची मी १.४.३ काढली. आता प्रत्येक पावतीच्या तळाशी दराच्या लायब्ररीचा आकडा छापलेला असतो. वडील फॅटच्या आधी तोच वाचतात.