साहेबांच्या कंबरेची बांधबंदिस्ती

आठ वर्षं झाली, माझी कंबर दुखते. पट्टा बांधून शिवारात गेलो की म्हातारी मंडळी विचारतात, “साहेब, हे काय?” मी म्हणतो, “बांधबंदिस्ती! उरलंसुरलं वाहून जाऊ नये म्हणून.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर चालायला सांगितलं. पूर्वी अशा दुखण्याला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवीत. आता साध्या कंबरदुखीत झेपेल तेवढं हिंडतं राहा म्हणतात. ओझं उचलताना गुडघे वाकवायचे, पोतं अंगालगत धरायचं. २०१८ साली युरियाची गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली, तेव्हा जिल्ह्यात सगळ्यांत आधी माझी कंबर खूश झाली असेल.

पण आपली ज्वारी? मोहोळला निवडलेली मालदांडी असो की दुसरी कोणती, आपल्या सोलापूरकडं ती मुळासकट उपटायची. बायामाणसं भेगाळल्या रानात दिवसभर वाकतात, आणि रात्री विचारलं तर “काही नाही” म्हणतात. तरी विचाराच. पायातली शक्ती गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. तेल चोळत बसू नका. ज्वारी दोन दिवस रानात उभी राहिली तरी चालते, हे शेतीखात्याचा माणूस सांगतोय.