सातबारा, ग्रीन कार्ड आणि लिव्हिंग ट्रस्ट

मृत्युपत्र म्हटलं की डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला चष्मेवाला वकील येतो ना? आपल्या वयाचा त्याच्याशी काय संबंध! पण बॉस, ज्या फॅमिलीचा एक पाय न्यू जर्सीत आणि दुसरा गावच्या शिवारात आहे, तिला हा विषय टाळून चालत नाही.

आमचंच बघा. चुलत दादा आणि वहिनी एच-वन-बीवर न्यू जर्सीत. तिथे घर, फोर-ओ-वन-के, चार वर्षांची अमेरिकन सिटिझन लेक. आणि इकडे सांगलीजवळच्या आष्ट्यात, काका गेल्यावर दादाच्या नावावर लागलेला दीड एकर ऊस. तो कसतात माझे बाबा.

गेल्या वर्षी दोघांनी लिव्हिंग ट्रस्ट करायचं ठरवलं. फंडा सिंपल आहे. जिवंतपणीच घर, खाती ट्रस्टच्या नावावर करायची, ट्रस्टी आपणच. आपल्या माघारी ठरवलेला माणूस कारभार बघतो आणि प्रोबेटची कोर्टकचेरी वाचते. सिटिझन नसलात तरी असा ट्रस्ट करता येतो. मात्र त्याने आपोआप टॅक्स वाचत नाही.

खरी मेख पुढे आहे. अमेरिकन नवरा-बायको एकमेकांना कितीही इस्टेट टॅक्सशिवाय ठेवू शकतात. पण मागे राहणारा जोडीदार सिटिझन नसेल, तर ही अमर्याद सवलत नाही. अगदी ग्रीन कार्ड असलं तरी! त्यासाठी ‘क्वालिफाइड डोमेस्टिक ट्रस्ट’ नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात टॅक्स माफ होत नाही, पुढे ढकलला जातो.

दादाला आपल्या माघारी ट्रस्टी म्हणून आष्ट्यातले बाबा हवे होते. घरचा माणूस, अजून काय पाहिजे? पण ट्रस्टचे मुख्य निर्णय अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या हातात गेले, तर तिथला टॅक्स कायदा त्याला ‘फॉरेन ट्रस्ट’ मानतो आणि नियमांचं जंजाळ वाढतं. आणि लेकीचं काय? तिचा पालक कोण, हे ट्रस्टमध्ये नाही, मृत्युपत्रात लिहावं लागतं. नाव नसेल तर कोर्ट ठरवणार, आणि तोवर आष्ट्याची आजी व्हिसाच्या रांगेत. हे ऐकून वहिनी बराच वेळ गप्प होती.

मग विषय आला उसाचा. दादा म्हणाला, ‘‘नाना, तेही ट्रस्टमध्येच टाकूया.’’ बाबा फोनवर शांतपणे म्हणाले, ‘‘तुझा ट्रस्ट तिकडं, बाळा. हितं सातबारा बोलतो.’’

बाबा एकदम करेक्ट होते. जमीन जिथे, कायदा तिथला. भारतात जमिनीचा ट्रस्ट करायचा तर रजिस्टर्ड दस्त लागतो, आणि महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावावर करायला निर्बंध आहेत. एनआरआय किंवा ओसीआयला शेतजमीन वारशाने मिळते, विकत घेता येत नाही. म्हणजे एकदा हातची गेली की गेली.

म्हणून दादाने इथल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. त्यातही एक ट्रॅप! अमेरिकन मृत्युपत्रात ‘आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द’ असं एक छापील वाक्य हमखास असतं. नंतर सही केली की आष्ट्याचा कागद बाद. सो, कुठला कागद कुठल्या मालमत्तेचा, हे दोन्हीकडे स्पष्ट लिहायचं.

‘मी तर पुण्यातच आहे, मला काय?’ असं म्हणताय? कंपनीने दिलेले अमेरिकन शेअर्स आठवा. आपल्याकडची इस्टेट ड्युटी 1985मध्ये गेली. पण अमेरिकेत न राहणाऱ्या परक्या नागरिकाच्या तिथल्या मालमत्तेला, शेअर्ससकट, फक्त 60,000 डॉलरपर्यंत सूट आहे. त्यावर टॅक्स 40 टक्क्यांपर्यंत जातो.

तेव्हा वीकएंडला दोन फोन लावा. एक दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या वकिलाला. दुसरा गावी, सातबाऱ्यावर आज नेमकं कुणाचं नाव आहे ते विचारायला.