दाढीची सावली

वाचकहो, मधुमेह, रक्तदाब, गुडघे आणि विस्मरण यांच्या रांगेत दाढीसारखा विषय पाहून आपल्याला थोडे आश्चर्य वाटेल. परंतु ज्या घरात एखादे वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळले आहेत, त्या घरातील शुश्रूषा करणाऱ्यांना विचारून पाहा. औषधे वेळेवर दिली जातात, अंग पुसले जाते, चादर बदलली जाते. दाढी मात्र उद्यावर ढकलली जाते. आठ-दहा दिवसांनी कोणीतरी जुन्या पात्याने ती घाईघाईने उरकतो. मग मानेवर पुरळ उठते, गालांची आग होते आणि पुढच्या वेळी साबणाचा ब्रश पाहताच ते गृहस्थ तोंड भिंतीकडे फिरवतात.

मी वैद्य नव्हे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार निराळ्या वाटेने आला आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळींत मी तेवीस वर्षे स्त्रीपार्टी होतो. दिवसा शाळेत शिकवायचे आणि जत्रेच्या रात्री सीता, द्रौपदी, तारामती व्हायचे. दाढी लपवणे हा माझ्या कलेचा पहिला धडा होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून बालगंधर्वांच्या काळापर्यंत मराठी रंगभूमीवरील नायिका बहुधा पुरुषच असत. नाटकांतून ती प्रथा गेली. कोकणातील दशावतारात ती बहुतांशी टिकून आहे. आमच्याकडे रंगभूषाकार नसतो. देवळाच्या आवारात ट्रंकेवर बसून, समोर हातभर आरसा ठेवून, ज्याने त्याने आपापला चेहरा रंगवायचा.

आमच्या मंडळीतील थोरली नायिका म्हणजे अण्णा. त्यांनी मला पहिल्याच हंगामात सांगितले होते, “सावली कातडीच्या आत असते. पात्याने ती निघत नाही, रंगाने झाकते.” या वाक्याचा शास्त्रीय अर्थ मला पुष्कळ वर्षांनी समजला. काळ्या केसाचे मूळ त्वचेखाली असते आणि दाढी कितीही घोटून केली तरी ते तिथेच राहते. त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात निळा अंश अधिक विखुरला जातो. म्हणून हातावरच्या शिरा जशा निळसर दिसतात, तसाच तो दडलेला काळा केस निळसर-हिरवट दिसतो. ही झाक घालवण्यासाठी माणूस उलट्या दिशेने पाते फिरवतो, एकाच जागी चार-चार वेळा फिरवतो. झाक तशीच राहते आणि त्वचा मात्र सोलवटून निघते.

निळ्याला मारक रंग नारिंगी. अण्णा पिवडीत बोटभर लाली कालवून तो तांबूस-पिवळा लेप जबड्यावर, हनुवटीवर आणि वरच्या ओठावर अगदी पातळ थापत. घासत नसत, थापत. त्यावर अंगाच्या वर्णाचा थर आणि शेवटी पावडर. गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात तेवढे पुरे होई. पुढे पांढऱ्या ट्यूब आल्या आणि सगळी लबाडी उघडी पडू लागली. लेप अधिक जपून लावावा लागला. तरीही पहाटेच्या सुमारास खुंट रंगाच्या वर डोके काढीतच. दाढीचे केस दिवसाकाठी पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतात, आणि आमची आख्याने उजाडेपर्यंत चालत.

आजच्या दुकानांत हेच काम करणारे पीच आणि नारिंगी रंगाचे कन्सीलर मिळतात. उजळ वर्णाला पीच, गव्हाळ वा सावळ्या वर्णाला गडद नारिंगी. नातवाच्या लग्नात छायाचित्रांसाठी एखाद्या आजोबांना ते लावावेसे वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. फक्त दाढी केल्याकेल्या लावू नये. पात्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उमटलेले असतात. आग शमेपर्यंत निदान अर्धा तास थांबावे. आदल्या दिवशी कानामागे थोडेसे लावून खाज येते का पाहावे आणि रात्री चेहरा धुतल्याशिवाय झोपू नये. मात्र घरातला शेंदूर किंवा जुन्या पेटाऱ्यातील रंग चेहऱ्यावर कधीही लावू नयेत. शेंदरात शिसे असू शकते आणि ते ओठांवाटे पोटात जाते.

कार्तिकापासून वैशाखापर्यंत हंगाम चाले. सलग जत्रा असल्या की दिवसातून दोनदा दाढी करावी लागे. तेव्हा आमचे गाल उन्हाळ्यातल्या तव्यासारखे तापलेले असत. त्यावर कोणी तुरटी घाशी, कोणी अत्तर लावी. अण्णा दोन्हींवर चिडत. ते विहिरीच्या पाण्यात भिजवलेले मऊ फडके गालांवर ठेवून स्वस्थ पडून राहत आणि मग मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे मुठीत वळलेले घट्ट तेल, तळहातावर वितळवून चोळत. आजही मला यात फारसे बदलण्यासारखे दिसत नाही. थंड ओले फडके आणि सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर एवढ्यावर बहुतेक आग निवते. मद्यार्क असलेले आफ्टरशेव्ह झोंबते आणि त्वचा कोरडी करते. तुरटी बारीक रक्तस्राव थांबवते हे खरे; पण कोरडेपणा तीही वाढवते, आणि एकच खडा घरभर फिरत असेल तर तो कुणाचे दुखणे कुणाला देईल याचा नेम नाही. पात्याचे तर बोलायलाच नको. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही जिवंत राहू शकतो. बापाचे पाते मुलाने वापरू नये.

दाढीनंतर उठणाऱ्या पुटकुळ्यांचे एक कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फार खोलवर कापलेला, विशेषतः कुरळा केस वाढताना वळून पुन्हा त्वचेत शिरतो आणि शरीर त्याला परका समजून सुजते. अशा वेळी उत्तम औषध म्हणजे काही दिवस पाते न लावणे, आणि नंतर यंत्राने थोडे खुंट राखूनच केस कापणे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा पुरळावर औषधाच्या दुकानातून मिश्र मलमाची नळी आणून चार महिने लावली. तीत तीव्र स्टेरॉइड होते. त्वचा कागदासारखी पातळ झाली आणि मलम बंद करताच चेहरा लालबुंद झाला. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज अशी नळी चेहऱ्याला लावू नये. पुटकुळ्यांत पू झाला, सूज पसरली किंवा ताप आला तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असेल तर लगेच.

वृद्ध त्वचा ही तरुणपणीची जुनी झालेली त्वचा नव्हे. तिची घडणच बदललेली असते. ती पातळ होते, तिच्यातील तेल कमी होते, तिचे दोन थर एकमेकांना पूर्वीइतके घट्ट धरून राहत नाहीत. म्हणून किरकोळ ओढीनेही ती फाटते आणि जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साधा काप दहा मिनिटे वाहतो. अशा रुग्णांना विजेवर चालणारे यंत्र बरे. परंतु घरात प्राणवायूचे नळकांडे वा यंत्र चालू असताना त्या यंत्राची ठिणगी धोक्याची ठरू शकते, हे विसरू नये. त्या वेळी चेहऱ्यावर तेल किंवा व्हॅसलीनही नको.

आता अण्णांविषयी. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, डावे अंग गेले. महिन्याभराने ते उजव्या हाताने दाढी करू लागले, तेव्हा घरच्यांना आनंद झाला. पण ते फक्त उजवा गाल करीत. अर्धी हनुवटी गुळगुळीत, अर्ध्यावर पांढरे रान. आणि काम झाले म्हणून ते वस्तरा खाली ठेवीत. मुले हसली. पोरे त्यांना अर्धनारीनटेश्वर म्हणू लागली. “आता कोणाक तोंड दाखवूचा आसा?” असे म्हणून दाढीचे सामान कपाटात गेले. ज्या माणसाने चाळीस वर्षे चेहऱ्यावर खुंट उरू दिला नाही, तो दीड महिना तसाच बसून राहिला आणि कोणी भेटायला आले की पांघरूण तोंडावर घेऊ लागला.

ते भ्रमिष्ट झाले नव्हते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. डोळा शाबूत असतो, दृष्टी असते, लक्ष मात्र तिकडे वळत नाही. ते ताटातला डावीकडचा भात ठेवून देतात, डावी बाही विसरतात, डावा गाल विसरतात. फिजिओथेरपी करायला येणाऱ्या मुलीने हे समजावून सांगितले तेव्हा थोरली सून ओच्याला डोळे पुसत आत गेली. वाचकहो, आपल्या घरी असे घडत असेल तर हसण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

तेव्हापासून बुधवारी आणि रविवारी मी जातो. माझी रीत सांगतो. तिच्यात मोठे रहस्य नाही. अण्णांना पाठीला उशा देऊन ताठ बसवतो. कवळी तोंडात असू देतो, म्हणजे गाल आत जात नाहीत. कोमट पाण्याचे फडके तीन-चार मिनिटे चेहऱ्यावर ठेवतो. त्यांच्या डाव्या गालाला उष्णतेची जाणीव कमी आहे, म्हणून पाणी आधी माझ्या मनगटावर तपासतो. साबण भरपूर, पाते नवे. दोन बोटांनी त्वचा हलकेच ताणून केसांच्या वाढीच्या दिशेने छोटे छोटे हात मारतो. गळ्यावरचे केस चारी दिशांना वळलेले असतात. आधी बोटांनी चाचपून मगच पाते लावतो. तीळ, चामखीळ चुकवतो. उलटा हात मारत नाही. शेवटी गार पाणी, टिपून कोरडे करणे आणि मुठेल. कापलेच तर स्वच्छ फडके दहा मिनिटे दाबून धरायचे, मध्ये उचलून पाहायचे नाही.

मी मुद्दाम त्यांच्या डावीकडे बसतो आणि तिकडूनच बोलतो. तशी सूचना त्या मुलीचीच. प्रत्येक वेळी पाते लावण्याआधी मी त्यांना विचारतोही. एका बुधवारी ते नको म्हणाले, तर मी चहा पिऊन परतलो. कोणाला दाढी राखायची असेल तर राखू द्यावी; ती धुवावी, विंचरावी, जेवणानंतर पुसावी, एवढेच.

स्त्रियांविषयी एक शब्द. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि हनुवटीवर, ओठांवर जाड केस येऊ लागतात. अनेक जणी ते आयुष्यभर दार लावून चिमट्याने उपटत असतात. अंथरुणाला खिळल्यावर ते काम सांगायचे कोणाला? सुनेने, मुलीने हलक्या आवाजात विचारावे. छोट्या कात्रीने किंवा सौम्य यंत्राने काढले तर केस राठ होऊन वाढतात ही समजूत खोटी आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधिकेने १९२८ मध्येच तपासून पाहिले की दाढी केल्याने केसांची जाडी वा वाढ बदलत नाही. कापलेले टोक बोथट असते, म्हणून ते बोटाला टोचते. परंतु केस एकाएकी पुष्कळ वाढले, आवाज घोगरा झाला, तर ते वयाचे लक्षण समजून गप्प बसू नये. तपासणी करून घ्यावी.

पहिल्या दिवशी दाढी संपल्यावर अण्णांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिले आणि जुन्या काळी पडद्याआड विचारीत तसे विचारले, “हिरवट दिसता काय रे?” मी नाही म्हणालो, आणि ते अगदी खरे होते. पांढऱ्या केसात रंगद्रव्यच नसते, मग सावली कुठून पडणार? ज्या झाकेशी ते अर्धे आयुष्य भांडले ती केस पिकताच आपोआप निघून गेली होती. त्यांना हे समजावून सांगितले तर म्हणाले, “मग पिवडी वाचली.”

आता थोरली सूनही शिकली आहे. मी आजारी असलो तर ती करते. माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे, हे अण्णा मला ऐकवतात. गेल्या रविवारी माझे काम आटोपल्यावर त्यांनी उजवा हात सावकाश चेहऱ्यावरून फिरवला, नाक ओलांडून डाव्या गालावर नेला, कानाच्या पाळीखाली थांबवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “हंय रवले दोन.” मी पुन्हा फेस केला.