गाव ते नाव

वसईपासून बोईसरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत स्टॅन्ली, नेल्सन, विल्सन ही नावं इतकी रुळली आहेत की ती मुळात आडनावं होती, हे कुणाच्या मनातही येत नाही. नेल्सन म्हणजे नेलचा मुलगा, विल्सन म्हणजे विलचा. स्टॅन्लीची गंमत वेगळी. जुन्या इंग्रजीत ‘स्तान’ म्हणजे दगड आणि ‘लेआ’ म्हणजे रानातली मोकळी जागा. अशा एखाद्या खडकाळ माळावर गाव वसलं आणि गावावरून माणसांना आडनाव पडलं. पुढे इंग्लंडातल्या जमीनदार घराण्यांत आईच्या माहेरचं आडनाव मुलाचं नाव म्हणून ठेवू लागले. एकोणिसाव्या शतकात ती हौस साध्या घरांतही उतरली. आफ्रिका धुंडाळणारा तो प्रसिद्ध स्टॅन्ली तर जन्माचा जॉन रोलंड्स. अमेरिकेत गेल्यावर त्याने आडनावच नवं घेतलं!

आपल्याकडे गाव आडनावापर्यंत येतं आणि तिथेच बैठक मारतं. चिंचणीचा चिंचणीकर, केळव्याचा केळवेकर. शाळेत मास्तर आणि मैदानात दोस्त त्याला आडनावानेच हाका मारतील; पण बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘चिंचणीकर’ म्हटलं, तर पाळण्याभोवतीच्या बाया हसून बेजार होतील.

तारापूरचं आडनाव मात्र भलतंच लांब गेलं. आज गावाचं नाव काढलं की 1969 सालचं अणुवीज केंद्र आठवतं, पण त्याच्या कितीतरी आधी पारशांनी हे गाव आडनावात बांधून बाहेर नेलं होतं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली सुरू झालेलं मत्स्यालय ओळखलं जातं ते तारापोरवाला या देणगीदाराच्या नावाने. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर 1965 च्या युद्धात, सियालकोट आघाडीवरच्या रणगाड्यांच्या लढाईत, 16 सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा एक पूर्वज शिवरायांच्या फौजेत होता आणि बक्षीस मिळालेल्या शंभर गावांत तारापूर मुख्य होतं, असं सांगतात. जवळची माणसं त्यांना ‘आदी’ म्हणत. तारापोर कागदोपत्री आणि पदकावर.

2023 साली परमवीरांची नावं अंदमान-निकोबारच्या बेटांना दिली गेली, त्यात तारापोरही आलं. अरबी समुद्राकाठचं गाव असं, एका माणसाच्या पाठीवरून, बंगालच्या उपसागरात जाऊन बेट झालं.