एकच कृती, चौदाशे बिअर

बिअरवर पोस्ट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल पुढे सरकावं. पण 2018 च्या नोव्हेंबरात आपण सगळे बे एरियात मास्क लावून फिरत होतो, पोरांच्या शाळा बंद होत्या, हे आठवत असेल तर वाचा. तो धूर पॅरडाइज गावाचा होता. 8 नोव्हेंबरला आग लागली, 85 माणसं गेली, गाव जवळपास सगळं राख.

शेजारच्या चिकोमध्ये सिएरा नेवाडा ही ब्रुअरी आहे. त्यांच्या कित्येक कामगारांची घरं जळाली. मालक केन ग्रॉसमन यांनी 'रेझिलियन्स' नावाच्या आयपीएची कृती सरळ इतर ब्रुअरींना देऊन टाकली. तुम्हीही हीच करा, विक्रीचे सगळे पैसे आगग्रस्तांना! माल्ट-हॉप्सवाल्यांनीही माल दान केला. चौदाशेच्या आसपास ब्रुअरी सामील झाल्या. एरवी हेच लोक दुकानातल्या वीतभर फळीसाठी भांडतात.

त्यातल्या तीन मी चाखल्या. कागदावर कृती एकच: सेंटेनियल आणि कॅस्केड हॉप्स, अल्कोहोल साडेसहा टक्क्यांच्या आसपास. चव मात्र तीन तऱ्हांची, एकच आमटी तीन घरांत केल्यासारखी. चिकोची मूळची तांबूस. आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग कारल्यासारखा स्वच्छ कडूपणा. ओकलंडला मिळाली ती जरा गढूळ आणि मऊ. हा पाण्याचा खेळ असतो. सल्फेट जास्त असेल तर कडूपणा टोकदार लागतो, क्लोराइड जास्त असेल तर गोलसर. शिवाय यीस्ट ज्याचं त्याचं. मला ओकलंडचीच जास्त आवडली, चिकोवाल्यांनी माफ करावं. सॅन होजेची म्हणजे निव्वळ कॅरॅमलचं पाणी. पैसे चांगल्या कामाला जाणार म्हणून ग्लास संपवला, इतकंच.

आणि ते पैसे? काही ब्रुअरींनी बिअर विकली, पण रक्कम पाठवायला महिनोन्‌महिने लावले. सिएरा नेवाडाला आठवण करून द्यावी लागली. चांगलं काम म्हटलं की हिशेब विचारायचा नाही ही खोड फक्त आपल्या मंडळांतच आहे असं नाही.

दुसरा हिशेब याहून मोठा. आग पीजीअँडई या वीज कंपनीच्या जुनाट लाइनमुळे लागली. जून 2020 मध्ये कंपनीने 84 जणांच्या मनुष्यवधाचा गुन्हा कोर्टात कबूल केला. दंड सुमारे 35 लाख डॉलर. तुरुंगात कोणीही गेलं नाही. आपल्यातले बहुतेक जण विजेचं बिल अजूनही त्याच कंपनीला भरतोय, आणि ते किती वाढलंय हे तुम्हाला सांगायला नको.